दोन मज्जातंतू, एक चेहरा : चार्ल्स बेल आणि मागाहून दुरुस्त केलेला इतिहास

१/२५
सकाळी उठून आरशासमोर उभे राहावे आणि चेहऱ्याची एक बाजू आपले ऐकत नाही असे ध्यानात यावे. कपाळाला आठी पडत नाही, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळते, हसू एकाच बाजूला ओढले जाते. या विकाराला आज जगभर ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. ज्याचे नाव त्याला मिळाले, त्या चार्ल्स बेलने चेहऱ्याच्या मज्जातंतूंविषयी एक मोठी गोष्ट ओळखली, एक मोठी चूक केली आणि ती चूक पुढे गाजावाजा न करता पुसून टाकली. हा थ्रेड या तिन्ही गोष्टींविषयी.

२/२५
विकार अर्थातच बेलहून फार जुना आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत तो ‘अर्दित’ या नावाने वातव्याधींत गणलेला आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी निवर्तलेल्या अल्-राझी या इराणी वैद्याने त्याचे वर्णन केले. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील वुर्ट्‌सबर्गच्या निकोलाउस फ्रीडरिखनेही त्याची तपशीलवार नोंद केली. मग नाव बेलचे का? कारण तोंड वाकडे का होते, नेमका कोणता धागा तुटल्यावर होते, हा प्रश्न बेलच्या पिढीपर्यंत सुटलेला नव्हता.

३/२५
प्रश्न कठीण होता, कारण चेहऱ्याकडे जाणारे मुख्य मज्जातंतू एक नव्हे, दोन आहेत. आजच्या गणनेप्रमाणे मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतील पाचवा तीन शाखांनी कपाळ, गाल आणि जबडा यांवर पसरतो. सातवा कानामागून बाहेर पडून, कानाजवळच्या लाळग्रंथीतून जाताना पाच शाखांत फुटतो आणि त्याच चेहऱ्यावर पसरतो. दोघांचे बारीक धागे ओठांजवळ, डोळ्यांजवळ एकमेकांत मिसळलेले दिसतात. मृतदेहावर नुसते पाहून कोणाचे काम काय, हे सांगता येत नाही.

४/२५
या मज्जातंतूंची पहिली टिकाऊ मोजदाद दुसऱ्या शतकातील गेलेन या ग्रीक वैद्याची. पर्गामन येथे ग्लॅडिएटरांचा वैद्य म्हणून त्याने काम केले होते. जखमा त्याने भरपूर पाहिल्या. शरीराची आतली रचना मात्र तो मुख्यतः माकडे, डुकरे, गुरे यांच्या विच्छेदनावरून शिकला. त्याच्या हिशेबात सात जोड्या होत्या. गंधाच्या मज्जातंतूला त्याने मज्जातंतू मानलेच नाही. आज आपण ज्याला पाचवा म्हणतो त्याचे दोन भाग केले. चेहऱ्याचा आणि कानाचा असे दोन वेगळे मज्जातंतू मात्र एकच मोजले.

५/२५
तथापि इजा झाली की काय घडते, हे तपासण्याची रीत गेलेननेच घालून दिली. डुकराच्या मानेतील एक बारीक मज्जातंतू बांधला वा कापला की त्याचे किंचाळणे बंद होते, प्राणी जिवंत राहतो, आवाज मात्र जातो, हे त्याने भर सभेत करून दाखवले. हा मज्जातंतू आजच्या दहाव्याची, म्हणजे ‘व्हेगस’ची शाखा. मानेतील गाठी काढताना शस्त्रवैद्याच्या हातून हेच धागे तुटले आणि एका मुलाचा आवाज गेला, अशीही हकीकत त्याने लिहून ठेवली. मज्जातंतूचे काम तो तुटल्यावरच कळते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

६/२५
गेलेनचा आकडा चौदाशे वर्षे टिकला. १५४३ मध्ये व्हेसेलियसने मानवी शरीररचनेचा आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला आणि गेलेनच्या अनेक चुका दाखवल्या. पण मेंदूच्या मज्जातंतूंची गणना करताना सात हा आकडा त्यानेही कायम ठेवला. १५६१ मध्ये फॅलोपियोने डोळा फिरवणाऱ्या एका अतिशय बारीक मज्जातंतूचे वर्णन केले. तो आजचा चौथा.

७/२५
१६६४ मध्ये थॉमस विलिसचा मेंदूच्या रचनेवरील लॅटिन ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काही चित्रे क्रिस्टोफर रेनने काढली होती. पुढे लंडनचे सेंट पॉल्स कॅथीड्रल उभारणारा वास्तुकार तो हाच. विलिसने मेंदू कवटीबाहेर काढून, उलटा करून, तळाकडून पाहिला. त्यामुळे मज्जातंतूंची मुळे पुढून मागे ओळीने दिसू लागली. त्याने कवटीतील नऊ जोड्या मोजल्या. त्यातील सातव्या जोडीत दोन भाग होते. एक टणक, चेहऱ्याकडे जाणारा. दुसरा मऊ, कानात जाणारा. ‘टणक भाग’ हेच नाव बेलच्या काळापर्यंत चेहऱ्याच्या मज्जातंतूला चिकटून राहिले.

८/२५
बारा हा आजचा आकडा १७७८ सालचा, आणि तो एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून आला. सॅम्युएल थॉमस सोमरिंग तेव्हा तेवीस वर्षांचा होता. गोटिंगेन विद्यापीठात पदवीसाठी सादर केलेल्या प्रबंधात त्याने विलिसच्या सातव्या जोडीच्या दोन जोड्या आणि आठव्या जोडीच्या तीन जोड्या केल्या. नऊचे बारा झाले. इंग्लंडमधील पुस्तके मात्र पुढे दीर्घकाळ विलिसचीच गणना वापरीत राहिली.

९/२५
ही गणना केवळ परीक्षेसाठी पाठ करण्याची यादी नाही. प्रत्येक मज्जातंतू कवटीच्या ठरावीक छिद्रातून बाहेर पडतो, म्हणून लक्षणांवरून इजेची जागा ओळखता येते. डोक्यावर आपटून नाकाच्या मुळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातील धागे तुटले की वास जातो, तो पहिला. पापणी लोंबली, बाहुली विस्फारली, तर तिसरा. डोळा बाहेरच्या बाजूस वळेना, तर सहावा. आवाज घोगरा झाला, तर दहाव्याची शंका. खांदा उचलत नसेल, तर अकरावा. बाहेर काढलेली जीभ एका बाजूस वळली, तर त्या बाजूचा बारावा.

१०/२५
पण सोमरिंगच्या काळी हा अर्थ बहुतांशी अज्ञात होता. नकाशा होता, त्यावरील रस्त्यांवरून कोण ये-जा करते हे ठाऊक नव्हते. रूढ समज असा की एकच मज्जातंतू संवेदना आणतो आणि हालचालही घडवतो. तसे असेल तर चेहऱ्याला दोन दोन मज्जातंतू कशाला, याचे समाधानकारक उत्तर कोणाजवळ नव्हते.

११/२५
या अज्ञानाची किंमत रुग्ण मोजत होते. चेहऱ्यावर विजेसारखी कळ मारून जाणारा एक भयंकर विकार आहे. तोंड धुताना, घास चावताना, नुसत्या वाऱ्याच्या झुळकीनेही ती कळ उठते. वेदना असह्य झाली की शस्त्रवैद्य चेहऱ्याचा मज्जातंतू कापून टाकीत. काहींच्या बाबतीत कापला जाई तो सातवा. वेदना वाहून नेणारा मात्र पाचवा. रुग्ण शुद्धीवर असताना ही शस्त्रक्रिया होई, कारण ईथरची भूल १८४६ मध्ये आली. शेवटी कळ तशीच राही, आणि वर तोंड कायमचे वाकडे होई.

१२/२५
अशा काळात चार्ल्स बेल वाढला. जन्म १७७४, एडिनबरो. थोरला भाऊ जॉन नामांकित शस्त्रवैद्य. चार्ल्स शस्त्रवैद्य तर होताच, शिवाय उत्तम चित्रकार. १८०४ मध्ये तो लंडनला आला. १८०६ मध्ये त्याने चित्रकारांसाठी चेहऱ्यावरील भावांच्या शरीररचनेवर ग्रंथ लिहिला. राग, भय, हास्य, रुदन यांत कोणता स्नायू कसा ओढला जातो, हे त्यात दाखवले होते. चेहऱ्याच्या मज्जातंतूंचे कोडे त्याला पडले ते या वाटेने.

१३/२५
१८०९ मध्ये स्पेनमधील कोरुन्याच्या लढाईतून परतलेल्या जखमी सैनिकांवर त्याने हॅस्लर येथील नौदल रुग्णालयात उपचार केले. १८१५ मध्ये वॉटर्लूची बातमी येताच तो आपला मेहुणा आणि सहकारी जॉन शॉ याला घेऊन ब्रुसेल्सला पोहोचला. तेथे त्याने दिवस दिवस अवयवच्छेदाच्या शस्त्रक्रिया केल्या. रक्ताने कपडे कडक झाले, बाहूंतील बळ सरले, असे त्याने पत्रातून कळवले. त्या जखमींची त्याने काढलेली चित्रे आजही जतन केलेली आहेत. ती पाहताना चित्रकाराची नजर आणि शस्त्रवैद्याची हतबलता दोन्ही जाणवतात.

१४/२५
मधल्या काळात, १८११ मध्ये, त्याने मेंदूच्या रचनेविषयी एक छोटी पुस्तिका छापली. प्रती फक्त शंभर, तीही मित्रांत वाटण्यापुरत्या. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपासून निघणाऱ्या प्रत्येक मज्जातंतूला दोन मुळे असतात, एक पुढचे आणि एक मागचे. बेलने ठोसा मारून बेशुद्ध केलेल्या सशावर प्रयोग केला. पुढच्या मुळाला स्पर्श केला की स्नायू आचके देत. मागचे मूळ कापले तरी तसे होत नसे. दोन मुळांचे काम वेगवेगळे आहे, हे त्याने ओळखले. विचार क्रांतिकारक होता. पण मागचे मूळ संवेदनेचे आहे, असे त्या पुस्तिकेत कोठेही म्हटलेले नाही. बेशुद्ध सशाकडून ते कळणेही शक्य नव्हते.

१५/२५
हीच दृष्टी घेऊन बेल चेहऱ्याकडे वळला. १२ जुलै १८२१ रोजी त्याचा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. प्रयोग गाढवावर केलेला होता. सातवा मज्जातंतू कापल्यावर त्या बाजूची नाकपुडी श्वासाबरोबर फुलेनाशी झाली. पाचव्याला नुसता धक्का लागला तरी प्राण्याला तीव्र वेदना होत. सातवा कापताना तितक्या होत नसत. वेदना पाचव्यातून जाते, हे बेलने अचूक हेरले. चेहऱ्याच्या कळेसाठी सातवा कापणे व्यर्थ आणि घातक आहे, हे त्यातून सिद्ध झाले. असंख्य चेहरे या एका निष्कर्षाने वाचले.

१६/२५
त्याच निबंधात चूकही आहे. बेलने गाढवाच्या वरच्या ओठाकडे जाणारी पाचव्याची शाखा कापली आणि पुढे दाणे ठेवले. प्राणी ओठ जमिनीला टेकवी, पण दाणे उचलून घेऊ शकेना. बेलने निष्कर्ष काढला की खाताना ओठ हलवण्याची शक्ती पाचव्यात असली पाहिजे, आणि सातवा हा श्वासोच्छ्वासाशी व भावप्रकटनाशी निगडित असा निराळा मज्जातंतू आहे. ‘चेहऱ्याचा श्वसन-मज्जातंतू’ असे नावही त्याने सातव्याला देऊन टाकले.

१७/२५
खरे कारण साधे होते. गाढवाचे ओठ लुळे पडलेलेच नव्हते, ते बधिर झाले होते. दाणा ओठाला लागला हेच त्याला कळत नव्हते, मग तो उचलणार कसा? दातांच्या डॉक्टरांकडे ओठ बधिर झाल्यावर ज्याने पाणी पिऊन पाहिले आहे, त्याला हे चटकन पटेल. संवेदना गेली की हालचालही अडखळते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र बधिरता आणि पांगळेपणा सारखेच दिसतात.

१८/२५
ही चूक दाखवून दिली ती हर्बर्ट मेयोने. तो बेलकडेच शिकलेला. १८२२ आणि १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन भागांत त्याने तेच प्रयोग पुन्हा करून निकाल मांडले. पाचव्याच्या चेहऱ्यावरील शाखा कापल्या की ओठ बधिर होतात, स्नायूंची शक्ती जात नाही. सातवा कापला की स्नायू लुळे पडतात, संवेदना राहते. चावण्याचे स्नायू मात्र पाचव्याच्याच एका भागावर चालतात. आजच्या पाठ्यपुस्तकात जे शिकवले जाते ते सारतः हेच.

१९/२५
त्याच सुमारास पॅरिसमध्ये फ्रांस्वा माजांदीने १८२२ साली कुत्र्याच्या पिल्लांवर मज्जारज्जूच्या मुळांचा प्रयोग केला. पिल्ले शुद्धीवर होती. मागचे मूळ कापले, संवेदना गेली. पुढचे कापले, हालचाल गेली. बेलच्या पुस्तिकेत नसलेले निम्मे उत्तर येथे स्पष्ट झाले. १८२४ मध्ये त्याने सशांच्या कवटीत सुई घालून पाचवा मज्जातंतू छेदला. चेहऱ्याची संवेदना गेली, एवढेच झाले नाही. त्या बाजूचा डोळा लाल झाला आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला व्रण पडला. बधिर डोळा नष्ट होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

२०/२५
या ज्ञानाच्या मुळाशी यातना आहेत, हे विसरून चालणार नाही. माजांदीने १८२४ मध्ये लंडनला येऊन जिवंत प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले तेव्हा मोठा संताप उसळला. गुरांवरील क्रूरतेविरुद्ध १८२२ चा कायदा करवून घेणाऱ्या रिचर्ड मार्टिनने तो विषय पुढे संसदेत नेला. बेललाही अशा प्रयोगांचा मनस्वी तिटकारा होता आणि तो त्याने घरच्या पत्रांत व्यक्त केला आहे. त्याची करुणा खरी होती. पण संवेदना कोणत्या मुळातून जाते, हे बेशुद्ध प्राण्यावरून कळणार नव्हते. आपल्याला जे कळले नाही ते दुसऱ्याने निर्दयपणे शोधले, एवढे सांगून बेल थांबला असता तर इतिहासाने त्याचा आदरच केला असता.

२१/२५
तसे झाले नाही. माजांदीचा निकाल येताच जॉन शॉने १८११ ची पुस्तिका पॅरिसला पाठवली आणि शोध मुळात बेलचा असल्याचा दावा सुरू झाला. १८२४ मध्ये बेलने रॉयल सोसायटीतील आपले निबंध पुस्तकरूपाने पुन्हा छापले. वरकरणी ते जुनेच निबंध होते, पण मजकूर जागोजागी बदललेला होता. पाचव्या आणि सातव्याविषयीची चुकीची विधाने वगळली किंवा अशी वळवली होती, की मेयो आणि माजांदीचे निकाल बेलला आधीपासूनच ठाऊक होते असे वाचकाला वाटावे. कोठे काय बदलले याची खूण नव्हती. शंभर प्रतींची मूळ पुस्तिका तर जवळजवळ कोणाच्याच हाती नव्हती. तिचा हवाला देता येई, ती तपासता मात्र येत नसे.

२२/२५
पुढची अनेक दशके बहुतेक वाचकांनी बेलचाच हवाला प्रमाण मानला. १८३१ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली, १८४२ मध्ये तो निवर्तला. १८६८ मध्ये धाकट्या ऑस्टिन फ्लिंट या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मूळ पुस्तिका मिळवून वाचली आणि संवेदनेच्या मुळाचा शोध माजांदीचाच ठरतो, असे लिहिले. १९७४ मध्ये पॉल क्रेनफिल्डने मूळ कागद आणि बदललेले मजकूर एकत्र छापून सारा वाद वाचकासमोर उलगडून ठेवला. संदर्भ देताना पहिली आवृत्ती पाहावी, नंतरची नव्हे, असे इतिहासाच्या वर्गात का सांगतात, याचे याहून बोलके उदाहरण विरळाच.

२३/२५
मग बेलचे नाव विकारावरून पुसून टाकावे का? तसे म्हणणेही अन्यायाचे होईल. १८२१ नंतर तो रुग्णांकडे वळला आणि ते काम निर्विवाद मोलाचे आहे. कानापुढे पू धरून ज्याचा सातवा निकामी झाला असा रुग्ण, बैलाचे शिंग कानाखाली घुसून ज्याचे तोंड वाकडे झाले असा रुग्ण, अशा हकीकती त्याने चित्रकाराच्या बारकाईने लिहिल्या. डोळा मिटू पाहताना पापणी उघडीच राहते, पण बुबुळ वर सरकते, हे त्याने १८२३ मध्ये नोंदवले. त्या खुणेलाही आज त्याचेच नाव आहे. चेहऱ्याच्या हालचाली सातव्याच्या इजेने जातात, हे वैद्यांच्या मनावर ठसले ते मुख्यतः त्याच्या लेखनामुळे.

२४/२५
त्या दोन मज्जातंतूंतील भेद आजही रोज उपयोगी पडतो. तोंड अचानक वाकडे झाले तर आधी पक्षाघाताची शंका घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे लागते. तेथे डॉक्टर कपाळाला आठ्या घालायला सांगतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते, म्हणून मेंदूतील इजेत कपाळ बहुधा वाचते. सातवाच दुखावला असेल तर कपाळही सपाट राहते. बेल्स पाल्सीत हा मज्जातंतू कानशिलाच्या हाडातील अरुंद बोगद्यात सुजून आवळला जातो, असे मानले जाते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारतात. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झाले तर अधिक चांगले. मात्र हे निदान डॉक्टरांनी करायचे, आरशाने नव्हे.

२५/२५
आणि जेथे मज्जातंतू परत येत नाही तेथे? १८९५ मध्ये लंडनच्या चार्ल्स बॅलन्सने निकामी सातव्याला खांद्याकडे जाणारा अकरावा जोडून पाहिला; खांदा उचलला की चेहरा हले. कुष्ठरोगात सातव्याच्या शाखा निकामी होऊन डोळा उघडा राहतो, आणि पाचवाही बधिर झाला तर कचरा गेल्याचेही कळत नाही. माजांदीच्या सशाचे तेच माणसाचे होते, दृष्टी जाते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून वेल्लोरला आणि मुंबईत कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचना-शस्त्रक्रियेचे काम उभे राहिले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते डॉ. नोशीर अंतिया यांनी केले. अशा डोळ्यासाठी केल्या जाणाऱ्या एका शस्त्रक्रियेत कानशिलावरच्या चावण्याच्या स्नायूची पट्टी पापण्यांभोवती फिरवतात. तो स्नायू पाचव्यावर चालतो, आणि रोगात तो भाग सहसा शाबूत असतो. रुग्णाने दात आवळले की डोळा मिटतो. डोळ्याला काही टोचत नसले तरी आठवणीने, दिवसभर, तो दात आवळायला शिकतो. सातव्याचे काम पाचव्याकडून करून घ्यायचे, तर आधी कोणाचे काम कोणते हे बिनचूक ठाऊक असावे लागते. बेल, मेयो आणि माजांदी यांच्या भांडणातून ते ठाऊक झाले.

(समाप्त)